ग्रामसभा गेली, पुढे काय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी'. त्या विषयावर माझ्याहून बरं बोलणारे दोन-तीन जण इथेच बसले आहेत आणि आपल्या मुलांना ते मोबाइलवर रोज ऐकायला मिळतं. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला. गेले सात-आठ महिने वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न फिरतो आहे. पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली, कोरोनात गावी आलेली आणि घरातूनच काम करणारी ही बाई खरंच चामोर्शीच्या नगरपंचायतीला उभी राहणार आहे का? एकाने तर विचारलं, "तुले कायले पायजे हे लचांड?"

तर उत्तर असं की हो, उभं राहायचं ठरवलं आहे. शाळेच्या मंचावरून मी मत मागणार नाही आणि कुठल्या पक्षाचं नाव घेणार नाही, तसा शब्द मुख्याध्यापकांना दिला आहे. हे लचांड कशासाठी, तेवढंच आज सांगते.

आपण शाळेत होतो तेव्हा चामोर्शी हे गाव होतं. तालुक्याचं ठिकाण, एसटी स्टँड, तहसील, बाजार सगळं होतं, पण कारभार ग्रामपंचायतीचा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आपण बहुतेक जण पाळण्यात होतो. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ग्रामपंचायतच राहिली. मग २०१४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की तालुक्याच्या ज्या ज्या ठिकाणी अजून ग्रामपंचायत आहे तिथे नगरपंचायत करायची. त्याप्रमाणे २०१५ मध्ये आपल्या जिल्ह्यात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, चामोर्शी, धानोरा, कुरखेडा, कोरची अशा नगरपंचायती झाल्या. भामरागड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातली गंमत कळेल. नदीकाठचं ते एवढंसं गाव, पण कागदावर शहर. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, एक नगराध्यक्ष.

आपण तसे त्यापेक्षा मोठे, आणि वाढतोय. सुरजागडचं लोहखनिज आणि आपल्याच तालुक्यातला कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांच्यामुळे रस्त्यावरचे ट्रक तर वाढलेच, पण भाड्याने खोली मागणारे लोकही वाढले. तिकडे वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम सुरू आहे. जमिनीचे भाव कुणाला विचारू नका, ऐकून धाप लागते. ज्या बांध्यांमध्ये आपण चिखल तुडवत शाळेत यायचो, तिथे प्लॉट पडले आहेत. नकाशात त्यांना लेआउट म्हणतात, नगर म्हणतात, कॉलनी म्हणतात.

या बांध्यांबद्दल जरा सविस्तर सांगू द्या, कारण माझ्या उभं राहण्याचं निम्मं कारण तिथे आहे.

बाहेरच्या माणसाला बांधी म्हणजे नुसतं शेत वाटतं. आपल्याला माहीत आहे, बांधी पाणी धरण्यासाठीच केलेली असते. चारही बाजूंनी धुरे, तळाला चिकण माती, वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत आणि तिथून बोडीत किंवा तलावात. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातले जे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते याच हिशेबाने बांधलेले. कोहळी समाजाचे लोक त्या कामात वाकबगार होते. लेव्हल काढायचं कुठलंही यंत्र हाताशी नसताना त्यांनी पाण्याचा उतार ओळखून पाळी घातल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नावाला 'माजी' लागलं. पण पाण्याला काही हा कायदा कळवलेला नाही. पाणी आजही त्याच वाटेने जातं.

मग होतं असं की, बांधीत मुरूम टाकून प्लॉट पाडले की धुरे मोडतात. वरच्या लेआउटवाला भर घालून आपला रस्ता उंच करतो. खालच्याच्या अंगणात जुलैत गुडघाभर पाणी. तो पुढच्या वर्षी घराची जोती आणखी दोन फूट उचलतो, की पाणी त्याच्याही खालच्याकडे. असं करत करत शेवटच्या घरात राहतो तो, ज्याला जोती उचलायला पैसे नसतात. हे एकट्या आपल्या गावाचं नाही; वाढणाऱ्या कुठल्याही धानपट्ट्यातल्या गावात पावसाळ्यात जाऊन बघा.

हे कोण थांबवू शकतं? तलाठी नाही, आमदारही नाही. नगरपंचायत झाली की ती त्या हद्दीची नियोजन प्राधिकरण होते. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखडा तिच्या सभेपुढे येतो. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे नाला मोकळा ठेवायचा, कुठली बोडी वाचवायची, हे त्या नकाशावर रंगवलेलं असतं. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा लेआउट असेल तर त्यात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती नंतर कुणाच्या ताब्यात जाते यावरही नजर ठेवायची असते. आपण मात्र नगरसेवक म्हणजे नाली, लाइट आणि दाखल्यावर सही एवढंच समजतो. नकाशा सभेत येतो तेव्हा हात कुणी वर केला आणि कुणी नाही, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं आहे का?

विचारायचं तरी कुठे, हा माझा दुसरा मुद्दा आहे. खरं तर तोच पहिला.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सतरंजी पडायची. आपण मुलं खाऊच्या पुड्या घेऊन घरी पळायचो, मोठी माणसं भांडत बसायची. माझी काकी त्या भांडणांना फार नावं ठेवायची, पण जायची नेमाने. पुढे त्याच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायचा नियम आला, तेव्हा तर ती घरच्या सुनांनाही घेऊन जायला लागली. ग्रामसभेत सगळं चांगलंच होत होतं असं मी म्हणणार नाही. कोरम नसायचा, सह्या घरोघर फिरून व्हायच्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मतदार यादीत नाव असलेल्या कुठल्याही माणसाला उभं राहून सरपंचाला "या खर्चाचा हिशेब सांग" म्हणायचा हक्क कायद्याने होता.

नगरपंचायत झाली त्या दिवशी तो हक्क गेला. कुणी काढून घेतला असं नाही, नव्या कायद्यात तो नव्हताच. आता सभा होते ती सतरा जणांची, आणि मुख्याधिकाऱ्यांची. नागरिक निवेदन देऊ शकतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू शकतो. उभं राहून बोलायला त्याला जागा नाही. काकीने मला विचारलं होतं, "गाव होतं तवा बोलाले जात होतो. आता शयर झालं, त मुकी झाली का मी?" मी पुण्यातून फोनवर हसले होते. मग एके दिवशी कायदा काढून वाचायला बसले.

१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, जिच्यामुळे नगरपरिषदांना घटनेत जागा मिळाली, तिच्यात वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. पण सक्ती कुठे? तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहर होतं ३,२०,३७९. म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून फक्त एक शहर त्या रेषेच्या वर. बाकी बल्लारपूर असो, वरोरा असो, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली, मूल, आपण, सगळे खाली. गाव म्हणून ग्रामसभा नाही आणि शहर म्हणून वॉर्ड समितीची सक्ती नाही. मधल्यामध्ये लटकलेले.

केरळात असं नाही. तिथल्या १९९४ च्या नगरपालिका कायद्यात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये प्रत्येक प्रभागाची प्रभागसभा ठेवली आहे. त्या प्रभागातला प्रत्येक मतदार तिचा सभासद, आणि नगरसेवकाने ती बोलवायची. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढं सोपं होतं तर.

केरळ लांब राहिलं. आपल्या जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तुमच्यापैकी अनेकांनी एनएसएसच्या शिबिरात ते नाव ऐकलं असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते देशभर पोचलं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचे पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे सगळे बातम्यांतले प्रसंग. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं रोजचं काम. निर्णय बहुमताने करायचा नाही, सर्वांच्या सहमतीने करायचा. एक जण अडला तर थांबायचं, पुन्हा बसायचं. आणि निर्णय घ्यायच्या आधी त्या विषयाचा अभ्यास करायला वेगळा अभ्यासगट. बाहेरचा कुणी त्यात येऊन माहिती देऊ शकतो, निर्णय मात्र गावाचा. आम्ही कंपनीत तासन्‌तास मीटिंगा करतो. त्यात निर्णयाच्या आधी अभ्यास किती आणि निर्णयानंतर कारणं शोधणं किती, हे आज इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना विचारू नका.

मेंढा लहान, एका समाजाचं गाव. चामोर्शी बाजारपेठेचं, नाना जातींचं, नाना भाषांचं गाव. तिथलं जसंच्या तसं इथे चालणार नाही, हे मला कळतं. पण एका प्रभागात किती लोक असतात? नगरपंचायतीचा प्रभाग म्हणजे काही शे मतदार. तेवढी माणसं तर लग्नाच्या एका पंगतीत बसतात.

म्हणून गेल्या वर्षी १ जून २०२५ पासून आमच्या प्रभागात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा सुरू केली. मंदिराच्या ओट्यावर. माईक नाही, हार नाही, चहा ज्याचा त्याने पिऊन यायचा. आजवर आठ सभा झाल्या. नगरसेवकांना दर वेळी आधी जाऊन बोलावतो, आणि ते येतातही.

पहिल्या सभेला एकतीस माणसं होती, त्यात बाया पाच. दोन तास फक्त पथदिव्यांवर बोलणं झालं. ऑगस्टच्या सभेला सात जण आले. रोवणीचे दिवस, सकाळी आठला कोण येणार? मग वेळ बदलून रात्री आठ केली, तर बायांची संख्या पुरुषांच्या पुढे गेली. जेवणं आटोपली की त्या मोकळ्या, आणि पुरुष त्या वेळी टीव्हीपुढे. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

सप्टेंबरच्या सभेत एका नालीचं अंदाजपत्रक आणलं होतं. रीतसर अर्ज करून मागितलं, रीतसर मिळालं. मी इंजिनिअर असले तरी संगणकाची, मला त्यातलं निम्मंच कळत होतं. सभेत एक गवंडीकाम करणारे भाऊ बसले होते, आठवीपर्यंत शिकलेले. त्यांनी कागद हातात घेतला, उतार वाचला आणि म्हणाले, "बाई, हे नाली त बराबर हाय, पन घरं खाली अन नाली वर हाय. पानी का जिना चढून जाईन?" सगळे हसले. त्याच रात्री अर्ज लिहिला, बावीस सह्या झाल्या. पुढच्या आठवड्यात अभियंता साहेब स्वतः आले, पुन्हा लेव्हल घेतली आणि नालीचा तळ खाली घेतला. काम सुरू व्हायच्या आधी झालं म्हणून एक रुपया जास्त लागला नाही. झाल्यावर फोडायची वेळ आली असती तर?

आता निवडणुकीकडे येते. तुमच्यापैकी जे बाहेर राहतात त्यांना यातलं बरंच माहीत नसतं, आणि मलाही कागद हाती घेईपर्यंत माहीत नव्हतं.

वय एकवीस पूर्ण, आणि त्याच शहराच्या मतदार यादीत नाव. पुण्याच्या यादीतलं नाव मी इकडे आणलं तेव्हा माझी पहिली पायरी झाली. नगरसेवकाला त्याच्या स्वतःच्याच प्रभागातून लढावं लागतं असं नाही; शहरातल्या कुठल्याही प्रभागातून लढता येतं. अर्जासोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, कराची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं प्रमाणपत्र, राखीव जागा असेल तर जात वैधतेचे कागद. दोन अपत्यांची अट आहेच. नगरपंचायतीचा ठेका ज्याच्याकडे आहे तो अपात्र. आता तो ठेका मेहुण्याच्या नावावर असला तर काय, हे तुम्हीच ओळखा. खर्चाची मर्यादा गेल्या वर्षी वाढवून नगरपंचायतीच्या सदस्याला सव्वादोन लाख केली आहे. तुम्ही हसताय, पण त्या सव्वादोन लाखांचा हिशेब वेळेत दिला नाही तर पुढे उभं राहायला बंदी येते. ते हसण्यासारखं नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सोडत. कुठला प्रभाग कोणासाठी राखीव, हे निवडणुकीच्या काही आठवडे आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. सतरापैकी नऊ जागा बायकांच्या. पाच वर्षं एका प्रभागात घाम गाळायचा आणि चिठ्ठीत तो दुसऱ्या प्रवर्गाला निघायचा, असं होऊ शकतं. मला त्याची तक्रार नाही. आरक्षण नसतं तर आमच्या काकीच्या पिढीतली एकही बाई सभागृहात गेली नसती. १९९३ मध्ये एक तृतीयांश आलं, आपल्या राज्यात २०११ पासून निम्मं. फक्त एक सांगते. बाई निवडून येते आणि सभेच्या दिवशी "साहेब" येऊन बसतात, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या नवऱ्याने आत्ताच जाहीर केलं आहे की त्याला स्वतःच्या ऑफिसच्या मीटिंगा पुरेत.

गेल्या महिन्यात गडचिरोली, आरमोरी आणि देसाईगंजला निवडणूक झाली. २ डिसेंबरला मतदान, आणि मोजणी गेली थेट २१ तारखेला. गडचिरोली आणि देसाईगंजला त्याआधीचं मतदान झालं होतं १८ डिसेंबर २०१६ ला. नऊ वर्षं! पाच वर्षांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात, मग आयोग, मग पुन्हा न्यायालय, शेवटी मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असा आदेश. आपण नगरपंचायतवाले त्यातून थोडक्यात सुटलो. आपल्याकडे २१ डिसेंबर २०२१ आणि उरलेल्या जागांसाठी १८ जानेवारी २०२२ असं दोन टप्प्यांत मतदान उरकलं. आपली मुदत पुढच्या वर्षी संपते.

मतदानाच्या दिवशी मी देसाईगंजला एका मैत्रिणीकडे होते. झाडीपट्टी नाटकांचे दिवस, तिथल्या मंडळ्यांच्या गाड्या रात्रभर फिरत असतात, त्यात प्रचाराच्या गाड्या. नगरपरिषदेच्या प्रभागात दोन जागा, शिवाय नगराध्यक्ष थेट, म्हणजे एका मतदाराने तीन मतं द्यायची. एक म्हातारी आजी बाहेर येऊन विचारत होती, "दोनच बटनं दाबलो, तिसरं कोनाचं होतं?" पण मला जास्त आठवतं ते दुसरंच. चार वर्षं त्या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. मी भेटेल त्याला विचारत होते, त्या चार वर्षांत तुमचं काय अडलं? बहुतेकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तसं काई नाई अडलं." हे उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं. सभागृह नाही हे लोकांच्या लक्षातही येत नसेल, तर ते असतानाही लोकांपर्यंत किती येत होतं?

आता घरगुती गोष्ट. डिसेंबरात एका पक्षाचे तालुक्यातले जाणते कार्यकर्ते आमच्याकडे आले. मोठी माणसं, वडिलांना ओळखणारी. म्हणाले, "बेटा, सभा चांगली चालवतेस. तिकीट आम्ही देऊ. फक्त निवडणूक होईपर्यंत ही दर महिन्याची बैठक बंद ठेव. लोकांना प्रश्न विचारायची सवय लागली की उद्या तुलाच जड जाईल." ते वाईट हेतूने बोलले असं मला वाटत नाही. त्यांनी तीस वर्षं राजकारण पाहिलं आहे, अनुभवाचं सांगितलं. बाबांचंही मत तसंच आहे. पक्षाशिवाय उभं राहिलीस तर पडशील, असं ते रोज जेवताना सांगतात, आणि बाबा हिशेबात सहसा चुकत नाहीत. मी त्या काकांना नमस्कार करून सांगितलं, की सभा बंद होणार नाही, तिकिटाचं तुम्ही ठरवा. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

काही शे मतांच्या प्रभागात अपक्ष बाईचं काय होतं, याचा हिशेब मला मांडता येतो. तीन मोठी घरं एका बाजूला गेली की संपलं. प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी साडू. मतदानाच्या आदल्या रात्री काय वाटलं जातं हे मी सांगायला नको. आणि यात तुमचाही वाटा आहे, रागावू नका. पुण्या-नागपुरात नोकरी, नाव मात्र गावच्या यादीत, आणि मतदानाला आणायला कुणाची तरी गाडी. ज्याने गाडी पाठवली त्याला मत, हा सरळ व्यवहार. त्या गाडीतून उतरलेली पंचवीस-तीस मतं अशा प्रभागात निकाल फिरवतात. ज्या नालीचं पाणी तुमच्या आईच्या अंगणात येतं, तिचा निकाल तुम्ही त्या गाडीत बसून लावून जाता.

निवडून आले तर माझं एकच वचन आहे आणि ते मी सभेत लिहून सही करून दिलं आहे. नगरपंचायतीच्या प्रत्येक सभेची विषयपत्रिका हातात पडली की त्या आठवड्यात प्रभागसभा. विषय वाचायचे, लोकांचं म्हणणं घ्यायचं, आणि सभागृहात मी कोणत्या विषयाला हात वर केला, का केला, हे पुढच्या प्रभागसभेत सांगायचं. कायदा मला हे करायला लावत नाही, पण अडवतही नाही. एका बाईने विचारलं, "अन तू आमचं आयकलं नाई तर?" मी म्हटलं, तर पुढच्या सभेत तुम्ही सगळ्यांसमोर मला ते विचाराल, आणि मला उत्तर द्यावं लागेल. ती म्हणाली, "हे बरं हाय." निवडून नाही आले तरी सभा चालूच राहणार. ओट्याला काही आचारसंहिता नाही.

नोकरीचं काय, असं परवा एका सरांनी विचारलं. कंपनीला कळवलं आहे. कामाच्या वेळेत प्रचार नको आणि प्रचारात कंपनीचं नाव नको, एवढ्या दोन अटींवर त्यांनी होकार दिला. मुलगी नववीत आहे, तिला हे सगळं फार लाजिरवाणं वाटतं. नववीत सगळंच वाटतं.

आता तुमच्याकडे मागणं. पैसे नकोत, मतही मागत नाही. मला वाचणारी माणसं हवी आहेत. फेब्रुवारीत नगरपंचायतीचं वार्षिक अंदाजपत्रक येतं. त्यात मालमत्ता कर किती, पाणीपट्टी किती, शासनाचं अनुदान किती आणि कुठल्या योजनेचं, मागच्या वर्षी काय लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे साध्या भाषेत काढून लोकांपुढे ठेवायचं आहे. आपल्या शाळेतून निघालेले दोन सीए आज इथे आहेत, बांधकाम विभागातून निवृत्त झालेले एक दादा आहेत, बँकेतले तर अर्धा डझन. विकास आराखड्याचा नकाशा वाचू शकणारी एक वास्तुविशारद ताई रायपूरहून आली आहे, तिला मी सकाळीच पकडलं आहे. प्रत्यक्ष येता येत नसेल तर फोनवर या, रात्री आठला, एक तास. गावात असाल तर ओट्यावर या.

पुढची सभा रविवारी, १ फेब्रुवारीला. थंडी आहे, शाल आणा. सतरंजी आमच्याकडे एकच आहे, बसायला काहीतरी आणलंत तर बरं होईल.